विश्लेषण : तोटा होऊनही शेअर बाजाराचा मोह का सुटत नाही?

भांडवली बाजार नियामक ‘सेबी’ने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीनुसार, २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत समभागांच्या वायदे व्यवहारांत (एफ अँड ओ) उतरलेल्या दर १०० वैयक्तिक गुंतवणूकदारांपैकी ९३ जणांना तोटा झाला. एकत्रित तोटा १.८ लाख कोटी रुपयांहून अधिक होता. तरीही, सलग दोन वर्षे हात पोळलेल्यांपैकी ७५ टक्क्यांहून अधिक जण बाजारातून बाहेर पडले नाहीत. असे का होते?

तोटा मान्य करणे अवघड का जाते?

डॅनियल कानेमान आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याचे उत्तर मांडले. हजार रुपये मिळाल्याच्या आनंदापेक्षा हजार रुपये गेल्याचे दुःख अधिक तीव्र असते. त्यामुळे नफ्यात असताना सावध असणारा माणूस तोट्यात गेला की तो भरून काढण्यासाठी जास्त जोखीम घेतो. या संशोधनासाठी कानेमान यांना २००२ मध्ये अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

४०० रुपयांना घेतलेला शेअर २५० वर आला, तरी ‘भाव परत आला की विकू’ म्हणून तो ठेवला जातो. याउलट, ४५० वर गेलेला शेअर घाईने विकला जातो. परिणामी चांगले शेअर हातचे जातात आणि पडलेले साठत राहतात.

जून २०२४ मध्ये काय दिसले?

मतदानोत्तर चाचण्यांनंतर ३ जूनला ‘सेन्सेक्स’ २,५०७ अंशांनी उसळला. प्रत्यक्ष मतमोजणीच्या दिवशी, ४ जूनला तो ४,३९० अंशांनी कोसळला. सर्व घेत आहेत म्हणून ३ तारखेला घेणारे आणि सर्व विकत आहेत म्हणून ४ तारखेला विकणारे दोन्हीकडून नाडले गेले. ७ जूनला निर्देशांक ३ जूनच्या पातळीच्याही वर बंद झाला. या चार दिवसांत कंपन्यांचे कारखाने किंवा मागणी फारशी बदलली नव्हती. बदलली होती ती भावना.

मोबाइलमुळे काय बदलले?

पूर्वी दलालाला फोन करेपर्यंत विचाराला थोडी उसंत मिळे. आता राग आणि सौदा यांत एका बोटाचे अंतर आहे. एकाच दिवसात खरेदी-विक्री करणाऱ्यांबाबत ‘सेबी’ला २०२२-२३ मध्ये आढळले, की दहापैकी सात जण तोट्यात होते, तिशीच्या आतील तरुणांत हे प्रमाण ७६ टक्के होते. विशेष म्हणजे, तोट्यातले लोक नफ्यातल्यांपेक्षा जास्त सौदे करत होते.

नियमांनी हे थांबेल का?

ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘सेबी’ने वायदे करारांचा किमान आकार १५ लाख रुपयांपर्यंत वाढवला आणि साप्ताहिक करार प्रत्येक बाजारात एकाच निर्देशांकापुरते ठेवले. तरीही २०२४-२५ मध्ये ९१ टक्के वैयक्तिक गुंतवणूकदार तोट्यातच राहिले.

मग उपाय काय?

भावना टाळता येत नाहीत, पण निर्णय आधी घेता येतो. शेअर घेतानाच तो का घेतला आणि कधी विकायचा, हे लिहून ठेवावे. तोट्यातल्या शेअरबाबत एकच प्रश्न विचारावा : आज तो हाती नसता, तर या भावाला घेतला असता का? उत्तर ‘नाही’ असेल, तर खरेदीच्या भावाची वाट पाहण्यात अर्थ नाही. आपण तो कितीला घेतला, हे बाजाराला ठाऊक नसते.