खेळ मुलांचा, हिशेब आपला



ऑगस्ट अर्धा सरला की इथे न्यू जर्सीत शाळा उघडायच्या आधीच हायस्कूलच्या टीमच्या निवडचाचण्या सुरू होतात. सॉकर, मुलींचं टेनिस, व्हॉलीबॉल, क्रॉस कंट्री. मग आपापसात फोनवरचं बोलणंही बदलतं. "तुझी लेक व्हार्सिटीत आली की जेव्हीत?" हा पहिला प्रश्न. त्याच्या पाठोपाठ दुसरा, जरा आवाज खाली आणून, "कॉलेजला उपयोग होईल ना गं याचा?"

आज या दुसऱ्या प्रश्नाबद्दल लिहायचं आहे.

भारतातल्या मैत्रिणींसाठी थोडं सांगते. अमेरिकेत खेळ आणि कॉलेज यांची गाठ घट्ट बांधलेली आहे. विद्यापीठांच्या मोठमोठ्या टीम असतात, पगारी कोच असतात, आणि हे कोच हायस्कूलमधली मुलं हेरत फिरतात. काहींना खेळावर फीमाफी मिळते, काहींना प्रवेश सोपा होतो. मग आईवडील मूल आठ-नऊ वर्षांचं असतानाच त्याला क्लबमध्ये घालतात. क्लब म्हणजे शाळेबाहेरची खासगी टीम. तिची फी वेगळी, प्रवास वेगळा, शनिवार-रविवारच्या स्पर्धांसाठी हॉटेलं वेगळी. आपल्या मराठी आणि जैन घरांतही आता हे सर्रास दिसतं. पूर्वी आपण स्पेलिंग बी आणि गणितापाशी थांबायचो, आता त्यात टेनिस, तलवारबाजी, स्क्वॉश आलं आहे.

माझं मत आधीच सांगून टाकते. मुलांनी खेळावं, भरपूर खेळावं. पण कॉलेजची फी सुटावी किंवा मोठं नाव मिळावं म्हणून आपण त्यांना खेळवू नये. त्यात पैशाचा हिशेब बसत नाही, आणि जिथे बसतो तिथेही त्याची किंमत मूल मोजतं.

आधी पैशाचंच बघू. अमेरिकेत हायस्कूलच्या खेळांत दरवर्षी सुमारे 80 लाख खेळाडूंची नोंद होते. कॉलेजच्या खेळांचा कारभार पाहणारी एनसीएए ही संस्था स्वतःच सांगते की यातले साधारण 7 टक्के पुढे कॉलेजच्या टीममध्ये खेळतात, आणि खेळावरची स्कॉलरशिप मिळते ती जेमतेम 2 टक्क्यांना. शंभरातली दोन मुलं. त्या दोघांनाही पूर्ण फी सुटेल असं नाही. अगदी आतापर्यंत पहिल्या श्रेणीच्या, म्हणजे डिव्हिजन वनच्या मुलांच्या टेनिस टीमला साडेचार स्कॉलरशिप देता यायच्या. त्या कोचने टीममध्ये वाटून द्यायच्या. 2025 मध्ये कोर्टातल्या तडजोडीनंतर नियम बदलले. ती तडजोड मान्य करणाऱ्या कॉलेजांसाठी स्कॉलरशिपची मर्यादा गेली, पण टीममध्ये किती जण ठेवायचे यावर मर्यादा आली. म्हणजे काही ठिकाणी टीममध्ये शिरणंच अवघड झालं. डिव्हिजन थ्रीमध्ये 400 पेक्षा जास्त कॉलेजं आहेत, तिथे खेळावर स्कॉलरशिप देतच नाहीत. हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन वगैरे आयव्ही लीगच्या आठ विद्यापीठांतही देत नाहीत. हे पुष्कळ जणींना माहीतच नसतं.

आता खर्च. अ‍ॅस्पेन इन्स्टिट्यूटच्या पाहणीप्रमाणे 2024 मध्ये एका मुलाच्या मुख्य खेळावर घराचा सरासरी खर्च वर्षाला हजार डॉलरच्या वर गेला होता. ही सरासरी आहे, त्यात गल्लीतल्या लीगमध्ये खेळणारी मुलंही आली. क्लबबरोबर गावोगाव फिरणाऱ्या मुलीचा खर्च याच्या कितीतरी पट होतो. आपण स्वयंपाकघरातला हिशेब करू. वर्षाला 4,000 डॉलर धरले, वय नऊ ते अठरा अशी नऊ वर्षं, तर झाले 36,000 डॉलर. व्याज धरलंच नाही. तेच पैसे शिक्षणासाठीच्या 529 खात्यात टाकले तर कॉलेजच्या फीला नक्की उपयोगी पडतील. त्यासाठी मुलीच्या सर्व्हिसचा वेग कोणी मोजायला नको.

यावर एक ताई मला म्हणाल्या, "पैशाचं जाऊ दे गं, प्रवेशाचं बघ." त्यांच्या बोलण्यात तथ्य आहे. 2018 मध्ये हार्वर्डवरच्या खटल्यात जे आकडे बाहेर आले, त्यात कोचने निवडलेल्या खेळाडूंपैकी सुमारे 86 टक्क्यांना प्रवेश मिळाल्याचं दिसलं. बाकीच्या अर्जदारांत हे प्रमाण शंभरात पाच-सहाच्या आसपास होतं. एवढा मोठा दरवाजा उघडा दिसल्यावर कोणत्या आईचं मन चळणार नाही? पण "कोचने निवडलेला" या शब्दांकडे नीट बघा. देशभरातून, आणि देशाबाहेरूनही, त्या खेळात अगदी वर असलेली मोजकी मुलं ती. शाळेच्या टीममध्ये चांगली खेळणारी आपली मुलगी त्या यादीत नसते. तिच्यासाठी खेळ म्हणजे कॉमन अ‍ॅपच्या अर्जातल्या दहा उपक्रमांपैकी एक ओळ. चांगली ओळ आहे, पण ओळच आहे.

त्या दरवाजाचा मोह माणसाला कुठवर नेतो हे 2019 मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. रिक सिंगर नावाचा सल्लागार श्रीमंत घरांतल्या मुलांना खोटे खेळाडू बनवून कोचना लाच देत होता. अभिनेत्री लोरी लॉफलिन आणि तिच्या नवऱ्याने 5 लाख डॉलर देऊन आपल्या दोन्ही मुलींना युनिव्हर्सिटी ऑफ सदर्न कॅलिफोर्नियात नौकानयनाच्या खेळाडू म्हणून घुसवलं. मुली तो खेळ खेळतच नव्हत्या. लोरीला दोन महिन्यांची, नवऱ्याला पाच महिन्यांची कैद झाली. 2023 च्या जानेवारीत सिंगरला साडेतीन वर्षांची शिक्षा झाली. आपण कोणी लाच देणार नाही. पण "कोणत्या खेळात गर्दी कमी आहे, त्यात घालू या" असं मूल सहा वर्षांचं असताना आपण ठरवतो, तेव्हा मुलाला काय आवडतं हा प्रश्न आपणही बाजूलाच ठेवलेला असतो.

आता मला जे सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते. आपला हिशेब मुलं ऐकत असतात.

आमच्या ओळखीत एक पंधरा वर्षांची मुलगी आहे, व्हॉलीबॉल खेळते. बऱ्याच खेळांत डिव्हिजन वनच्या कोचना दहावीचं वर्ष संपल्यावर 15 जूनपासून मुलांशी थेट बोलायची परवानगी असते, म्हणून त्याआधीचे महिने घराघरात ताणाचे जातात. या मुलीच्या आईवडिलांनी कोच मंडळी बघायला येतात अशा एका मोठ्या शिबिराचे पैसे भरले होते, विमानाची तिकिटं काढली होती. मुलीचा खांदा काही आठवड्यांपासून दुखत होता. तिने घरात कोणाला सांगितलं नाही. भारतातून आलेली आजी एका रविवारी तिच्या केसांना तेल लावत होती, तेव्हा हात वर करताना ती कळवळली आणि मग आजीला कळलं. "दुखतंय ते लपव" असं तिला कोणी म्हटलं नव्हतं. आईवडील अतिशय प्रेमळ आहेत. पण जेवणाच्या टेबलावर तिकिटांचे, हॉटेलचे, फीचे आकडे तिच्या कानावर पडत होते. आपला खांदा किती डॉलरचा आहे हे तिने मनातल्या मनात मांडून ठेवलं होतं.

मला ही गोष्ट कळली तेव्हापासून मी या विषयावर गप्प बसत नाही.

बालरोगतज्ज्ञांची अमेरिकन अ‍ॅकॅडमी ऑफ पीडियाट्रिक्स ही संस्था सांगते की पंधरा-सोळा वर्षांपर्यंत मुलाला वर्षभर एकाच खेळाला जुंपू नये. आठवड्यात एक-दोन दिवस पूर्ण सुट्टी द्यावी. आणि वर्षातून एकूण दोन-तीन महिने त्या खेळापासून लांब ठेवावं, वाटल्यास एकेक महिना करून. आपल्या आजूबाजूची अकरा-बारा वर्षांची मुलं आठवा. मंगळवार-गुरुवार क्लब, शुक्रवारी खासगी शिकवणी, शनिवार-रविवार स्पर्धा. सुट्टी कधी? वाढत्या हाडांना आणि सांध्यांना विश्रांती कधी?

मग खेळवूच नये का? अजिबात असं म्हणायचं नाही. विशेषतः मुलींच्या बाबतीत. 1972 मध्ये इथे टायटल नाइन हा कायदा आला, तेव्हा अख्ख्या अमेरिकेत हायस्कूलमध्ये खेळणाऱ्या मुली 3 लाखांच्या आत होत्या. आता त्या 30 लाखांच्या वर आहेत. आपल्या लहानपणी सातवी झाली की लंगडी, खो-खो बंद व्हायचं आणि पीटीच्या तासाला मुली झाडाखाली बसायच्या. आपल्या लेकी मैदानावर धावतात, पडतात, दहा लोकांसमोर हरतात आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा सरावाला जातात. हे त्यांना मिळालंच आहे. वरून आणखी काही मिळालं नाही तरी त्यांचं काही बुडालेलं नाही.

मुलांना खेळात काय आवडतं हे जॉर्ज वॉशिंग्टन युनिव्हर्सिटीच्या अमांडा व्हिसेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुलांनाच विचारलं होतं. मुलांनी मिळून 81 गोष्टी सांगितल्या. मनापासून प्रयत्न करणं, टीममधली माणसं एकमेकांशी बरं वागणं, कोचने आदराने वागवणं हे वर होतं. जिंकणं पुष्कळ खाली होतं. मोठ्यांची यादी केली तर काय वर येईल, हे मॅचनंतर पार्किंगमध्ये पाच मिनिटं उभं राहिलं तरी कळतं.

आपल्या घरांत आणखी एक बाजू असते. रविवारची पाठशाळा आणि स्पर्धा एकाच वेळी येतात. दशलक्षण पर्व नेमकं सीझनच्या सुरुवातीला येतं. रात्रीच्या मॅचला जेवणाचं काय करायचं हा प्रश्न असतो. यात कोचशी आधीच मोकळेपणाने बोलावं. उपवासाच्या दिवशी धावायचं की नाही, हे मुलीने, कोचने आणि गरज पडली तर डॉक्टरांनी मिळून आधी ठरवावं. आणि एक गोष्ट आपण स्वतःला विचारावी. परिग्रह म्हटलं की आपल्याला दागिने आणि साड्या आठवतात. दिवाणखान्यात ओळीने मांडलेल्या मुलाच्या ट्रॉफ्या कोणाच्या असतात?

सांगलीच्या माझ्या जावा म्हणतात, "तुमच्याकडेच ही धावपळ." तसं नाही हं. महाराष्ट्रातही दहावी-बारावीला खेळाचे 25 पर्यंत वाढीव गुण मिळतात, सरकारी नोकरीत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे. गुणी मुलांना त्याचा आधार मिळतो, मिळायलाच हवा. पण प्रमाणपत्रासाठी म्हणून खेळ निवडणारे पालक तिथेही आहेत.

मी आमच्या घरी काय पाळते ते सांगते. खेळावरचा पैसा नाचाच्या किंवा तबल्याच्या क्लाससारखा धरायचा. भरला, संपला. मुलांसमोर तो आकडा पुन्हा उच्चारायचा नाही. परवडत नसेल तर भरायचा नाही. क्रॉस कंट्रीसारख्या खेळात अनेक शाळा कोणालाच वगळत नाहीत, तिथेही मुलं तेवढीच घाम गाळतात.

मॅच संपल्यावर गाडीत खेळाचा विषय मी काढायचा नाही. मुलांनी काढला तर ऐकायचं. चूक दाखवायला कोच आहे, मी डबा आणि पाणी आणलेलं असतं.

आणि दर सीझन संपला की एकदा विचारायचं, "पुढच्या वेळी खेळायचंय का?" उत्तर "नाही" आलं तर ते ऐकण्याची तयारी ठेवूनच विचारायचं.

सोळा वर्षांची मुलगी स्वतःहून म्हणाली, "आई, मला कॉलेजमध्ये खेळायचंय," तर तिच्या मागे उभं राहू या. कोचला ईमेल तिने लिहावी, व्हिडिओ तिने निवडावा, नकार आला तर तोही तिने वाचावा. आपण शुद्धलेखन तपासून द्यावं, विचारलं तर.

नोव्हेंबरमध्ये सीझन संपेल. तुमच्या घरात खेळणारं मूल असेल तर त्या आठवड्यात त्याला हा एक प्रश्न विचारून बघा. विचारताना कॉलेजचं नाव मात्र काढू नका.