कलाविहार : गळलेलीं पानें

वसंतांतील फुलांचें चित्र काढण्याचा मोह कोणासहि होतो; परंतु वाळून गळलेल्या पानांसाठीं आपली उरलीसुरली दृष्टि वेंचणारा चित्रकार विरळाच. जपानांत हिशिदा शुन्सो (१८७४–१९११) हा असा एक कलावंत होऊन गेला. वाचकांस आज त्याचीच ओळख करून देण्याचें योजिलें आहे.

ओकाकुरा तेन्शिन या कलापंडिताच्या प्रेरणेनें शुन्सो व त्याचा मित्र योकोयामा ताइकान यांनीं जपानी चित्रांतील परंपरागत बाह्यरेषा सोडून, केवळ रंगांच्या छटांनीं हवा व प्रकाश दाखविण्याचा प्रयत्न आरंभिला. १९०३ मध्यें हे दोघे कलकत्त्यास आले होते. अवनींद्रनाथ ठाकुरांच्या चित्रांतील मृदु, धुतलेल्या रंगांवर त्या सहवासाची छाया आहे. स्वदेशीं मात्र या प्रयोगास 'मोरोताइ', म्हणजे 'धूसर शैली', असें कुचेष्टेचें नांव मिळालें. पुढें मूत्रपिंडाच्या विकारामुळें शुन्सोचे डोळे बिघडले आणि कुंचला खालीं ठेवावा लागला.

उपचारासाठीं १९०८ मध्यें तो तोकियोस आला व योयोगी भागांत राहूं लागला. तेथें तेव्हां रान होतें. डोळ्यांस किंचित् उतार पडतांच त्या रानांत हिंडून त्यानें १९०९ मध्यें 'ओचिबा', म्हणजे 'गळलेलीं पानें', हें चित्र सिद्ध केलें. सहा-सहा घड्यांच्या दोन पडद्यांवर झाडांचे नुसते बुंधे उभे आहेत. शेंडे नाहींत, आकाश नाहीं, जमिनीची रेषाहि नाहीं. तरी पायांखालीं भूमि आहे असें वाटतें, तें विखुरलेल्या पानांमुळें! जवळच्या बुंध्याची साल खडबडीत दिसते. दूरचे बुंधे धुक्यांत विरत जातात. ज्या धूसरतेची लोकांनीं थट्टा केली, तीच येथें सूक्ष्म निरीक्षणाच्या जोडीनें रानांतील हवा होऊन राहिली आहे.

त्या वर्षींच्या सरकारी प्रदर्शनांत या चित्राचा गौरव झाला. परंतु १९११ मध्यें शुन्सोची दृष्टि पूर्ण गेली, आणि वयाचीं ३७ वर्षें पुरीं होण्यापूर्वींच त्याचा अंत झाला. त्याचें हें चित्र तोकियोंतील एइसेइ बुन्को या संग्रहांत आहे.

आपले डोळे शाबूत असतात, म्हणूनच कीं काय, पायांखालचें पान आपण पाहात नाहीं. शुन्सोनें तें पाहिलें. कारण उद्यां तें दिसेलच, असा त्यास भरंवसा नव्हता.