बिल्टीवरचा रिकामा रकाना

पुणे–अहिल्यानगर रस्ता शिरूर तालुक्यातून शिक्रापूर, रांजणगाव असा जातो. पुणे–सोलापूर महामार्ग दौंड तालुक्यातून यवत, पाटस, कुरकुंभ असा. नागपूरच्या मिहानमधील विमान देखभाल केंद्राकडे पुण्याहून जाणाऱ्या मालाची वाट पहिली. हैदराबादच्या कारखान्यांतून रस्त्याने न्हावाशेवाला निघालेल्या विमानांच्या सुट्या भागांची दुसरी. गाळपाच्या हंगामात दोन्हीकडे बिनदिव्यांच्या ऊसट्रॉल्या असतात. त्या चुकवताना करकचून दाबलेला ब्रेक अपघात म्हणून कुठेच नोंदला जात नाही, पण ट्रकवरच्या विमान-इंजिनाच्या बेअरिंगवर वळ उठायला तेवढा धक्का पुरतो. इंजिने हवेच्या सस्पेन्शनवाल्या ट्रेलरवरून नेतात ती म्हणूनच.

विमानाच्या भागाची किंमत धातूत कमी आणि कागदात जास्त असते. डीजीसीएचा सीए फॉर्म 1 किंवा युरोपचा ईएएसए फॉर्म 1 यांसारखे प्रमाणपत्र सोबत असेल तरच तो भाग विमानात बसतो. खोका पडला, धक्का दाखवणारी चकती लाल झाली, की आतला भाग चकचकीत असला तरी मान्यताप्राप्त संस्थेच्या फेरतपासणीशिवाय वापरता येत नाही. काँपोझिट भागाचे थर आतल्या आत सुटतात. वरून ओरखडाही दिसत नाही.

रस्त्यावरच्या जबाबदारीचा कायदा 2007 चा आहे. 1865 चा जुना वाहक कायदा त्याने रद्द केला आणि 1 मार्च 2011 पासून तो लागू आहे. वाहकाचा निष्काळजीपणा मालधन्याला सिद्ध करावा लागत नाही, ही त्याची मोठी सोय. मात्र जास्त मूल्य घोषित करून जादा आकार भरला नसेल, तर भरपाई भाड्याच्या दहापटीवर थांबते. समजा भाडे 18,000 रुपये आणि भाग 40 लाखांचा. हाती येणार जास्तीत जास्त 1,80,000. बिल्टीवरचा मूल्याचा रकाना बहुतेक वेळा घाईत कोराच राहतो, किंवा जादा आकार वाचवण्यासाठी मुद्दाम कोरा ठेवला जातो. ही बचत फसवी आहे. दावा लावण्याआधी वाहकाला लेखी नोटीस द्यावी लागते, तीही माल बुक केल्यापासून 180 दिवसांच्या आत. मुदत मोजायची ती नुकसान कळल्यापासून नव्हे. ट्रान्सपोर्टरने मार्केटची, म्हणजे बाहेरची भाड्याची गाडी लावली असली तरी नोटीस आधी बिल्टी देणाऱ्याला जायला हवी.

दौंड जंक्शनवरून रेल्वेने माल गेला, तर दाव्याची नोटीस सहा महिन्यांत द्यावी लागते. आंतरराष्ट्रीय हवाई वाहतुकीला 1999 चा माँट्रियल करार लागू होतो. त्यातली मर्यादा 28 डिसेंबर 2024 पासून किलोमागे 26 एसडीआर (आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे हिशेबी एकक) आहे. बारा किलोच्या भागाला 312 एसडीआर, म्हणजे चाळीस हजार रुपयांच्या आसपास. नुकसानीची तक्रार माल ताब्यात आल्यापासून 14 दिवसांत करावी लागते. खोका न उघडता गोदामात ठेवणाऱ्यांचे दावे इथेच बुडतात.

उरलेली दरी विम्याने भरायची. देशांतर्गत वाहतुकीच्या विम्यात ‘बी’ कलमे आग, टक्कर, गाडी उलटणे अशा नेमक्या संकटांपुरतीच असतात. हमालाच्या हातून निसटलेला खोका त्यांत बसत नाही. त्यासाठी ‘ए’ कलमेच हवीत. अपुरे पॅकिंग मात्र ‘ए’मधूनही वगळलेले असते, त्यामुळे पॅकिंगचे फोटो जपून ठेवावे लागतात. सर्व्हेअर डोळ्यांना दिसणारे नुकसान मोजतो. फेरतपासणीचा व नव्या प्रमाणपत्राचा खर्च, आणि प्रमाणपत्र परत मिळणे अशक्य झाल्यास पूर्ण नुकसान, हे पॉलिसीत आधीच लिहून घेतले नसेल तर वाद ठरलेलाच.

भरपाई दिल्यावर वाहकाविरुद्धचा हक्क विमा कंपनीकडे जातो. सर्वोच्च न्यायालयाने 2010 मध्ये चरण स्पिनिंग मिल्सच्या प्रकरणात तो तपशिलाने मांडला आहे. नोटिशीची मुदत विमाधारकानेच घालवली असेल, तर कंपनीच्या हाती काही उरत नाही आणि ती दाव्याला कात्री लावू शकते.

पूर्ण नुकसानीची भरपाई दिलेला भाग भंगार म्हणून विमा कंपनीच्या हक्काचा होतो. जुन्या कागदांसह तो विकला गेला, तर पुन्हा एखाद्या विमानात पोचू शकतो. त्यामुळे विक्रीआधी भाग कापून निकामी करणे, अनुक्रमांक खोडणे आणि मूळ प्रमाणपत्र रद्द करणे ही अट पॉलिसीत घालून घेतात. निकामी केल्याचा दाखला हाती येईपर्यंत भाग लाल चिठ्ठी लावून कुलपात राहतो.