पदव्यांचा पोशाख आणि वतनाची वही

मराठी ऐतिहासिक कादंबरीविषयी लिहिताना समीक्षेने एक शब्द फार सोयीचा करून ठेवला आहे : ‘वातावरणनिर्मिती’. दरबार भरला, सरलष्कर, सेनाखासखेल, पंतप्रतिनिधी आपापल्या जागी बसले, मुजरे झडले की काळ उभा राहिला असे मानायचे आणि लगेच नायकाच्या मनोव्यापाराकडे वळायचे, अशी या समीक्षेची रीत आहे. पदवी येथे शेला-पागोट्यासारखी, पोशाखाचा भाग म्हणून मोजली जाते. वस्तुतः पदवी हा अधिकारसंबंध असतो. कोणी कोणाच्या उत्पन्नातून किती घ्यावे आणि कोणी कोणासमोर कसे उभे राहावे, हे ती ठरविते. हा संबंध नजरेआड करणारी समीक्षा आस्वादक असेल. तिला चिकित्सक म्हणता येणार नाही.

भालचंद्र नेमाडे यांनी मराठी कादंबरीच्या आरंभकाळात ‘यमुनापर्यटन’ (१८५७), ‘मुक्तामाला’ (१८६१) आणि ‘मोचनगड’ (१८७१) या कृतींच्या नावे तीन प्रवृत्ती कल्पिल्या. या वर्गीकरणाने रंजनप्रधान कादंबरीचे पितळ उघडे पडले, हे त्याचे ऋण मान्यच केले पाहिजे. परंतु पुढच्या अभ्यासकांनी त्याचे कप्पे केले. कल्पित राज्यातील राजा, प्रधान आणि सरदार रंजनाच्या कप्प्यात गेले, तर इतिहासातील राजा, प्रधान आणि सरदार इतिहासाच्या. दोन्हीकडची श्रेणीव्यवस्था तपासली तर ही भिंत टिकत नाही. कल्पित राज्यातला प्रधान कशावर जगतो हे वाचकाला कळत नाही, कारण त्या राज्याला महसूलच नसतो. ऐतिहासिक कादंबरीतल्या सरदाराचा सरंजाम दप्तरात नोंदलेला असतो. तरीही त्याच्याविषयी प्रश्न विचारण्याची गरज समीक्षेला क्वचितच वाटते. परिणामी इतिहासातले राज्यही कल्पित होऊन बसते.

पदवीचे नाव बदलणे ही राजकीय कृती आहे, हे सतराव्या शतकातल्या महाराष्ट्राला ठाऊक होते. १६७४च्या राज्याभिषेकाच्या सुमारास राज्यव्यवहारकोशाच्या रूपाने फारसी संज्ञांना संस्कृत पर्याय सिद्ध झाले. पेशव्याचा मुख्यप्रधान, मुजुमदाराचा अमात्य, सुरनिसाचा सचिव, डबिराचा सुमंत झाला. परंतु पुढच्या शतकात सत्ता ज्या घराण्याकडे एकवटली ते ‘पेशवे’ म्हणूनच ओळखले गेले. कोशाने शब्द दिला, व्यवहाराने दुसरा राखला. भाषा आणि सत्ता यांच्या या ओढाताणीत कादंबरीला केवढा ऐवज आहे! समीक्षेने मात्र तो ‘काळाला साजेशी शब्दकळा’ एवढ्या शेऱ्यात संपविला.

याहून बोलके उदाहरण तळेगावच्या दाभाड्यांचे. सेनापतिपद त्यांच्या घरी होते आणि गुजरातेतील चौथाईवर त्यांचा हक्क होता. त्या उत्पन्नाच्या वाटणीवरून पहिल्या बाजीरावाशी तंटा विकोपाला गेला आणि १७३१मध्ये डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे मारले गेले. शाहूने सेनापतिपद त्याच घराण्यात ठेवले. गुजरातेतील प्रत्यक्ष सत्ता मात्र हळूहळू दाभाड्यांचेच हाताखालचे असलेल्या गायकवाडांकडे गेली. पदवी उरली, फौज गेली. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्राने वतनदारांना राज्याचे दायाद मानून त्यांच्याविषयी सावधगिरी सांगितली होती, तिचा अर्थ येथे उमगतो. या शोकांतिकेचे मर्म पदवी आणि उत्पन्न यांची फारकत होण्यात आहे. तिला दोन मानी पुरुषांच्या स्वभावसंघर्षाची कथा करणे म्हणजे तिचा गाभाच काढून घेणे होय.

यावर ठरलेला आक्षेप येतो : कादंबरी म्हणजे जमाखर्चाची वही नव्हे. मान्य. परंतु वही न दाखविताही तिचा भार जाणवून देता येतो, आणि तो जाणवतो की नाही हे विचारणे हा वाङ्मयबाह्य निकष नव्हे. पात्राचे बोलणे, थांबणे, वाकणे हे सारे श्रेणीतूनच घडत असेल, तर श्रेणी वगळून केलेले व्यक्तिचित्रणाचे कौतुक अर्धवट ठरते.

या अर्धवटपणाची किंमत कोणी मोजली? दया पवारांचे ‘बलुतं’ १९७८चे, शिवाजी सावंतांची ‘छावा’ १९७९ची. दोन पुस्तकांत एका वर्षाचे अंतर. समीक्षेत मात्र दोन स्वतंत्र दालने. एक ‘दलित आत्मकथन’, दुसरी ‘ऐतिहासिक कादंबरी’. सिंहासन आणि बलुते ही एकाच व्यवस्थेची दोन टोके आहेत, त्रिं. ना. आत्र्यांनी ‘गावगाडा’त (१९१५) तिचे खालचे टोक तपशिलाने मांडले होते. डॉ. आंबेडकरांनी १९२८मध्ये मुंबई विधिमंडळात महार वतनासंबंधीचे विधेयक मांडले. ती वतने रद्द व्हायला १९५८ उजाडावे लागले, आणि त्या कायद्याच्या नावातही ‘कनिष्ठ’ हे विशेषण होतेच. श्रेणी रद्द करणाऱ्या कायद्यालाही श्रेणीचीच भाषा वापरावी लागते, तेथे साहित्यातील पदव्यांना निरुपद्रवी अलंकार मानणारी समीक्षा निरागस कशी म्हणावी?

मुळा-पवनेकाठच्या तीन पिंपळ्यांना गुरव, निलख आणि सौदागर अशा पुरवण्या आहेत. गुरव हे बलुतेदाराचे नाव, सौदागर हे व्यापाऱ्याचे. गावकुसात कोण कोठे बसतो हे सांगणारी ही शब्दसंपत्ती गावाच्या पाटीवरच आहे. आज पिंपळे सौदागर हिंजवडीच्या संगणक-उद्योगात राबणाऱ्यांचे उपनगर आहे आणि तिथल्यासारख्या उपनगरांतील इमारती ‘रॉयल’, ‘पॅलेस’, ‘रेसिडेन्सी’ अशी नावे मिरवतात. पुण्याच्या संगमावरची रेसिडेन्सी १८१७च्या खडकीच्या लढाईत जळाली; ज्या इंग्रज वकिलापुढे पेशव्यांची पदवी पोकळ ठरली, त्याच्या निवासाचे नाव आता प्रतिष्ठेचे झाले आहे. अशा इमारतीत वतनदाराचा नातू आणि बलुतेदाराची नात शेजारी राहतात आणि दोघांच्याही कपाटात तीच ऐतिहासिक कादंबरी असू शकते. दरबाराचे वर्णन वाचताना दोघे एकाच जागी उभे असतात, हे समीक्षेने गृहीत धरले आहे. ते गृहीतक सोडून ‘छावा’शेजारी ‘बलुतं’ ठेवून वाचणे, हे मराठी कादंबरीच्या अभ्यासक्रमांपुढचे थकलेले काम आहे.