घोळीच्या भाजीची कैफियत

आमच्या हाताखाली शिकून गेलेले एक गृहस्थ कामानिमित्त तुर्कस्तानात असतात. मागील महिन्यात त्यांचे पत्र आले. क्षेमकुशल झाल्यावर त्यांनी लिहिले होते, ‘गुरुजी, आपल्याकडे बांधावर उपटून टाकतात ती घोळ येथे जुड्या बांधून विकावयास येते, आणि पाहुणा आला म्हणजे ती दह्यात कालवून मानाने वाढतात.’ पत्र मोठ्याने वाचले तेव्हा घरातील तरुण मंडळींस हसू लोटले. आम्हास मात्र त्या हसण्याने गेल्या भाद्रपदातील एक गोष्ट आठवली, व तीवरूनच आजचे हे लिखाण सुचले.

ऋषिपंचमीस बैलाच्या कष्टाचे अन्न खावयाचे नाही, हा नेम आमच्या घरी अजून पाळला जातो. त्या दिवशीच्या भाजीत अळू, माठ, भोपळा यांच्या जोडीला घोळ असावयाचीच. कारण नांगराची वा बैलाची वाट न पाहता आपण होऊन उगवणारी तिच्यासारखी दुसरी भाजी नाही. म्हणून आदल्या दिवशी नित्याप्रमाणे आम्ही वैरागच्या शिवारात एका ओळखीच्या रानाकडे गेलो. बांधाशी घोळ चांगली माजली होती. हात लावणार तोच खुरपणाऱ्या बाई लांबूनच ओरडल्या, ‘गुरुजी, ती नेऊ नका! कालच औषध मारलंय.’

मारण्याच्या द्रव्यास ‘औषध’ म्हणावे, हा भाषेचा विपर्यास आमच्यासारख्या मास्तराच्या कानास खटकला हे खरे. पण त्या बाईंनी हाक दिली नसती तर ते ‘औषध’ आमच्या ताटात आले असते, हे अधिक खरे. पूर्वी या शिवारात तूर-उडदाच्या पाट्यांतून बायका खुरपे घेऊन बसत, आणि संध्याकाळी ओच्यात घोळ घेऊन घरी जात. खुरपणी आणि भाजी हे एकच काम होते. आता बार्शी तालुक्यात सोयाबीन पुष्कळ झाले आहे, मजूर मिळत नाहीत, आणि रुंद पानांचे तण मारणारी द्रव्ये फवारली जातात. शेतकऱ्यास दोष देणे सोपे आहे. मजुरीचा हिशेब त्याला करावा लागतो, आम्हास नाही.

घोळीचे कूळ मात्र लहान नाही. भावमिश्रांच्या भावप्रकाशात शाकवर्गामध्ये लोणी आणि घोटिका अशी धाकटी-थोरली जोडी येते. ही लोणी म्हणजे ताकावरची नव्हे. ते लोणी ‘नवनीत’ शब्दापासून आले. ह्या लोणीचे नाते ‘लवणा’शी आहे, आणि पान चावून पाहिले म्हणजे नाव ठेवणाऱ्याची जीभ खोटी नव्हती हे पटते. आमच्याकडे बारीक पानांच्या जातीस चिघळ म्हणतात, कोठे चिवळ म्हणतात. फारसीत खुर्फा, त्यावरून हिंदीत कुल्फा. तुर्की लोकांनी तर तिला ‘सेमिझ ओतु’, म्हणजे गुबगुबीत पाला, असे नाव दिले आहे. अमेरिकेतील थोरो याने १८५४ साली प्रसिद्ध झालेल्या ‘वॉल्डन’ ग्रंथात, आपण मक्याच्या शेतातील घोळ उकडून, मीठ लावून, तेवढ्यावरच समाधानाने जेवलो असे लिहून ठेवले आहे.

तुर्कस्तानात ती कच्चीच चिरून लसूण घातलेल्या घट्ट दह्यात कालवितात. (चातुर्मासात आमच्या घरी हा पदार्थ लसणाविना करावा लागेल, एवढेच.) त्या देशाच्या आग्नेयेस गाझिआन्तेप शहराकडे मसूर, हरभरे व चवळी यांत घोळ शिजवून आंबटसर पातळ भाजी करतात, तिला ‘पिरपिरिम आशी’ म्हणतात. आमच्या घरची ताकातील भाजी हिची सख्खी बहीण शोभेल. हरभऱ्याची डाळ व शेंगदाणे आधी भिजवून शिजवावेत. घोळ तीन-चार पाण्यांतून धुवावी, कारण ती मातीला बिलगून वाढते. मग चिरून, हिंग, मोहरी, हळद व हिरवी मिरची यांच्या फोडणीवर परतावी, आणि डाळीचे पीठ कालवलेले ताक घालून, सारखे ढवळीत, एक उकळी आणावी. शेवटी गुळाचा लहानसा खडा. कल्हई उडालेल्या पितळी पातेल्यात ही भाजी कधीही करू नये.

या ताकात नुसती चव नाही. घोळीत ऑक्झॅलिक आम्ल पुष्कळ असते, व मुतखड्याचा विकार असलेल्यांनी ती बेतानेच खावी. परंतु दही-ताकातील चुना त्या आम्लास धरून ठेवतो, व त्याचा बराचसा भाग अंगी न लागता बाहेर पडतो. अनातोलियातील गृहिणीने आणि वैरागच्या गृहिणीने एकमेकींस न विचारता एकच तोड काढली, याचे आम्हास कौतुक वाटते. तिच्या पानांतील स्निग्धांशात एरवी माशांसाठी नावाजलेल्या ओमेगा-३ वर्गातील एक अम्ल असते, असे १९८६ साली अमेरिकन वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाले. शाकाहारी घरांनी त्याची दखल घ्यावी.

आणखी एक मौज शाळकरी मुलांनी स्वतः करून पाहावी. पाणी तुटले म्हणजे ही वनस्पती दिवसा आपल्या पानांची रंध्रे मिटून घेते व रात्री उघडते. रात्री घेतलेली हवा ती आम्लाच्या रूपाने साठविते आणि दिवसा उन्हात वापरून टाकते. म्हणून ओढीच्या दिवसांत पहाटे खुडलेले पान चांगले आंबट, आणि त्याच रोपाचे सायंकाळचे पान सपक लागते. १९७२ च्या दुष्काळात आम्ही लहान होतो. तांबड्या मिलोच्या भाकरीबरोबर आई विहिरीच्या पाटाकडेची घोळ वाढी, आणि ती नेहमी सकाळीच खुडून आणी. विचारले तर म्हणे, ‘चिंच वाचते.’

खुडताना एक खूण ध्यानी ठेवावी. नायटीचे रोप तसेच जमिनीसरपट वाढते, पण तिचा देठ मोडला की पांढरा चीक येतो. घोळीस चीक नाही, नुसते पाणी. चीक दिसला तर टाकून द्यावे. आणि फवारणीच्या रानातील पाला, तो कितीही हिरवा असो, घेऊच नये.

त्या खुरपणाऱ्या बाईंनी पंचमीच्या सकाळी आपल्या अंगणातील चार मुळ्या पदरात बांधून आमच्या दारी आणून दिल्या. आमची पंचमी त्यावर झाली. त्यांतील एक मुळी सौभाग्यवतींनी भाजीतून काढून परसात नळाखाली खोचली, व तिचे काळे, खसखशीहून बारीक बी जपून ठेवले. यंदा ज्येष्ठात ते राखेत मिसळून वाफ्यावर नुसते भुरभुरले. वर माती लोटली नाही, कारण या बियास उजेड हवा असतो. पत्राला उत्तर लिहिले त्या दिवशी पहिली खुडणी निघाली. हसणाऱ्या मंडळींनी ती पहिल्या पंगतीतच संपविली, आणि आमच्या वाट्यास पातेल्याच्या तळाचे ताक तेवढे आले.