सगळेच कसे 'रद्द' होते?

कायदा किंवा निर्णय मोडीत काढायला इंग्रजीत क्रियापदांची रांग उभी आहे. संसद कायदा 'रिपील' करते. सरकार स्वतःचाच आदेश 'रिव्होक' करते. न्यायालय गुन्हा 'क्वॅश' करते, खालच्या कोर्टाचा निकाल 'सेट असाइड' करते, घटनाबाह्य कायदा 'स्ट्राइक डाउन' करते. तूर्त थांबवायचे असेल तर 'स्टे' देते. आणि कुणी बोटही न लावता मुदत संपून गेले, तर ते 'लॅप्स' होते. आपल्या मराठी बातम्यांत, चॅनेलच्या पट्टीवर आणि व्हॉट्सअ‍ॅपवर या सगळ्यांना शब्द एकच: रद्द!

कुणी म्हणेल, शब्दांचा एवढा कीस कशाला? गेले ते गेले. पण या प्रत्येक क्रियापदात तीन गोष्टी दडलेल्या असतात. कुणी मोडले, कधीपासून मोडले आणि का मोडले. 'रद्द' म्हटले की तिन्ही गायब. आणि यात सर्वात जास्त नुकसान कुणाचे होते? ज्यांचे आयुष्य कोर्टाच्या आणि सरकारच्या कागदावर टांगलेले असते, त्यांचे. म्हणजे आपले.

महाराष्ट्रातले मुस्लिम आरक्षण घ्या. जुलै 2014 मध्ये राज्य सरकारने अध्यादेशाने मराठा समाजाला 16 टक्के आणि मुस्लिमांतील मागास घटकांना 5 टक्के आरक्षण दिले. नोव्हेंबर 2014 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने मराठा आरक्षणाला आणि मुस्लिमांच्या नोकऱ्यांतील आरक्षणाला स्थगिती दिली. शिक्षणातील 5 टक्के मात्र चालू राहू दिले. तोवर सरकार बदलले होते. नव्या सरकारने मराठा आरक्षणाचा कायदा केला, मुस्लिमांचा केला नाही. अध्यादेशाची मुदत संपली आणि न्यायालयाने वाचवलेले आरक्षणही त्याबरोबर गेले. आजही गल्लीत कुणालाही विचारा, तो सांगेल, "कोर्टाने रद्द केले." झाले! कोर्टावर खापर फुटले आणि विधिमंडळ नामानिराळे राहिले. 'लॅप्स' म्हटले असते, तर पुढचा प्रश्न आपोआप आला असता: मुदत कुणी संपू दिली?

दुसरे उदाहरण ऑगस्ट 2020 चे. तबलिगी जमातीच्या 29 परदेशी नागरिकांवरचे गुन्हे मुंबई उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने 'क्वॅश' केले. या लोकांना बळीचा बकरा बनवण्यात आले, अशा अर्थाचे कठोर शब्द न्यायालयाने वापरले. म्हणजे सरकारने उदार होऊन खटले मागे घेतले नव्हते. खटला चालवण्यासारखे मुळात काही नाही, हे न्यायालयाने सांगितले होते. मागे घेणे ही मेहेरबानी असते, क्वॅश होणे ही निर्दोषपणाची पावती असते. वाचकाला दोन्ही ठिकाणी 'रद्द'च दिसणार असेल, तर महिनोन्‌महिने झालेल्या बदनामीची भरपाई कुठल्या शब्दाने करायची?

तिसरे उदाहरण आपल्या घरातले. 22 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाने 3 विरुद्ध 2 अशा बहुमताने एका दमात दिल्या जाणाऱ्या तिहेरी तलाकची प्रथा बाद ठरवली. 2019 च्या कायद्याने अशा तलाकला शून्य ठरवून वर तीन वर्षांपर्यंत कैदेची तरतूद केली. शून्य म्हणजे काय? नवऱ्याने तीनदा उच्चारले तरी तलाक झालाच नाही. ती आजही त्याची बायको आहे, तिचे हक्क जसेच्या तसे आहेत. पण "तलाक रद्द झाला" या तीन शब्दांतून कुणाला वाटते तलाकच बंद झाला, कुणाला वाटते इस्लामच बंद करायला निघाले. आणि जिला हे समजायला हवे होते, ती माहेरी स्वतःला तलाकशुदा समजत बसते.

गंमत अशी की, हा फरक आपल्याला इंग्रजांनी शिकवायची गरजच नव्हती. मदरशातला विद्यार्थीही 'मन्सूख' आणि 'बातिल' यांत गल्लत करत नाही. मन्सूख म्हणजे काल लागू होते, आज नवा हुकूम आला. बातिल म्हणजे मुळातच ग्राह्य नव्हते. 'रद्दबातल' या मराठी शब्दात तो 'बातिल' अजून जिवंत आहे. मराठीची झोळीही रिकामी नाही. निरसन, स्थगिती, खारीज, तहकूब, मागे घेणे, मुदत संपणे, अवैध ठरवणे. शब्द भरपूर आहेत, आळस त्याहून जास्त आहे.

तो आळस फक्त पत्रकारांचा नाही. सप्टेंबर 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वक्फ सुधारणा कायद्यातील काही तरतुदींना स्थगिती दिली, संपूर्ण कायद्याला नाही. त्याला "वक्फ कायदा रद्द" म्हणून मिठाई वाटणारा कार्यकर्ता समाजाला झोपवतो. कायदा उभा आहे, कागदपत्रे जमवण्याचे काम पडून आहे आणि आपण मुबारकबाद देत सुटायचे?

म्हणून पुढच्या वेळी 'रद्द' दिसले की फॉरवर्ड करण्याआधी विचारा: कुणी, कधीपासून, का? उत्तर मिळाले नाही, तर ती बातमी अजून पूर्ण झालेली नाही असे समजा. आणि बातमी लिहिणाऱ्यांनो, एक क्रियापद नीट वापरायला जास्तीची शाई लागत नाही. चुकीचे वापरले, तर मात्र एका समाजाला आपला प्रश्न कुणाकडे घेऊन जायचा, तेच कळेनासे होते.