मोरपंखी आणि बहावा

फाल्गुन सरून चैत्र लागला की नाशिकच्या बंगल्यांत दोन झाडांचे दोन स्वभाव शेजारीशेजारी दिसू लागतात. फाटकाशी लावलेली मोरपंखी बारा महिने असते तशीच हिरवी आणि नेटकी असते. कुंपणाजवळचा बहावा मात्र पाने गाळून उघडा पडलेला असतो. अंगावर मागील वर्षाच्या काळ्या शेंगा तेवढ्या लोंबत असतात. अशा वेळी घरात विचार निघतो : ‘झाड वाळले, कचराही फार करते. ते काढून येथेही मोरपंखीच लावावी.’

कुऱ्हाड उचलण्यापूर्वी दोघांची रीत जाणून घ्यावी.

मोरपंखी ही देवदाराप्रमाणे शंकूधारी वर्गातील, मूळची पूर्व आशियातील. तिची खवल्यांसारखी पाने डहाळीला बिलगून असतात. तिला फूल येत नाही. बी फळात झाकलेले नसून लहानशा शंकूच्या खवल्यांवर उघडे वाढते. पराग वारा वाहून नेतो, आणि वाऱ्याला बोलावण्यासाठी रंग, गंध वा मध लागत नाही. मुले ‘विद्या’ म्हणून वहीत जपतात ती डहाळी हिचीच.

बहाव्याचा व्यवहार निराळा. त्याचे पराग कीटकांनी न्यावे लागतात. म्हणून वैशाखात तो पिवळ्या फुलांची झुंबरे उघडतो आणि मोठे काळे भुंगे त्यांवर लोटतात. त्याच्या कोवळ्या पानांवर फुलपाखरांच्या अळ्या पोसल्या जातात. हातभर शेंगेत आडव्या पडद्यांचे कप्पे असून त्यांत बी आणि चिकट काळा गर असतो. आयुर्वेदातील ‘आरग्वध’ तो हाच. त्याचा गर सौम्य रेचक म्हणून वापरला जातो.

मोरपंखीचा खर्च थोडा आणि नित्याचा. बहाव्याचा खर्च मोठा, परंतु त्यावर अनेक जिवांचा निर्वाह चालतो. दुकानाचा वर्षाचा हिशेब कोणी एका मंदीच्या महिन्यावरून मांडत नाही. झाडाचाही मांडू नये.

शंका असल्यास कोवळ्या फांदीची साल नखाने किंचित खरवडावी. आत हिरवे दिसले तर ती जिवंत आहे. शिवाय महाराष्ट्रातील 1975 च्या वृक्षसंरक्षण कायद्यानुसार शहरात, स्वतःच्या अंगणातही, वृक्ष तोडण्यास परवानगी लागते. वनस्पतिकायिक जिवांची विराधना टाळू पाहणाऱ्या श्रावकाने तर त्याआधीच थांबावे.

मोरपंखी फाटकाशी शोभतेच. तिच्यासाठी बहाव्याची जागा रिकामी करण्याचे कारण नाही. वैशाखापर्यंत वाट पाहणे पुरेसे आहे.